चौदा नंबरचा कोपरा

वैजयंता शेलार यांचं पत्र आलं त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. पत्र कागदावर, हाताने लिहिलेलं होतं. अशी पत्रं आता येत नाहीत, म्हणून पोस्टमननेही ते देताना एकदा उलटंसुलटं करून पाहिलं. मी ते वाचलं, घडी घातली आणि निवृत्तीनंतर ज्या शब्दकोशाची मुद्रितं तपासतो, त्याच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं. उत्तर लिहायचं होतं. रोजच लिहायचं होतं.

पत्र असं होतं :

‘श्री. मुकुंद गर्गे यांस नमस्कार. मी पांढरवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्तमानपत्रात तुमच्या सत्काराचा फोटो पाहिला. गेल्या महिन्यात श्वासनलिकेचं अस्तर बसवून घ्यायला मी साताऱ्याला गेले होते. तिथल्या जुळणीत निघालं, की चौदा नंबरचं अस्तर ज्या बाईचं आहे ती माझी आई. माझी आई हौसाबाई १९९५ साली वारली. तुमच्या कॉलेजात विचारलं, तर नोंद नाही म्हणाले. अस्तर बनवणाऱ्या कंपनीने त्यांचा अहवाल दाखवला. त्यात एक ओळ आहे : मेणाच्या मूळ वडीचा डावा कोपरा पूर्वीच पात्याने कापून टाकलेला आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझे वडील सांगतात, आईची तपासणी केली होती आणि रिपोर्ट चांगला आला होता. मी त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही, कारण चांगला रिपोर्ट आलेलं माणूस आठ महिन्यांत मरत नाही. वीस वर्षं मी त्यांच्याशी बोललेले नाही. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. ते खरं बोलत होते का? आणि तो कोपरा कोणी कापला?’

खाली सही आणि पत्ता. रागाचा एकही शब्द नव्हता. तो असता तर मला उत्तर न देण्याला काहीतरी कारण मिळालं असतं.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सत्काराच्या दिवशी मला तीनदा डॉक्टर म्हटलं गेलं आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. एका मेडिकल कॉलेजात मी ऊतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते आता बदललंही आहे. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा बाटलीतून माझ्याकडे यायचा. त्यातलं पाणी काढून मी त्यात वितळलेलं मेण मुरवायचो. मेण गोठलं की बोटाच्या पेराएवढी वडी तयार व्हायची. मग मायक्रोटोमच्या पात्याने तिचे केसाच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ काप करायचे, कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे आणि काचपट्टीवर अलगद उचलून घ्यायचे. मग रंग. पेशींच्या केंद्रकांना जांभळा, बाकीच्याला गुलाबी. हे काम मला यायचं. माणसांशी बोलायचं काम आलं नाही, म्हणून हे आलं असावं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्याकडे चार लाकडी पेट्या होत्या, कारण सगळं शरीर चार प्रकारच्या ऊतींचं बनलेलं असतं. अभिस्तर ऊती झाकतात : त्वचा, गालाची आतली बाजू, श्वासनलिकेचं अस्तर. संयोजी ऊती धरून ठेवतात : हाड, कूर्चा, चरबी आणि रक्तसुद्धा. रक्ताचं नाव त्या यादीत ऐकून मुलं दरवर्षी चक्रावायची. स्नायू ऊती हलवतात. चेता ऊती कळवतात आणि लक्षात ठेवतात. प्रत्येक पेटीत पंचवीस खाचा, प्रत्येक खाचेत काचपट्ट्या. पट्टीवर ऊतीचं नाव आणि नंबर. माणसाचं नाव नाही.

१९९४च्या नोव्हेंबरात कॉलेजची तपासणी व्हायची होती. पहिल्या पेटीतली चौदावी खाच रिकामी होती. श्वासनलिकेच्या पट्ट्या मुलांनी फोडून संपवल्या होत्या आणि वडीही संपली होती. विभागप्रमुख डॉ. रणदिवे रोज विचारायचे, ‘गर्गे, चौदा नंबर झाला का?’

त्याच आठवड्यात हौसाबाई शेलार, वय अडतीस, यांची बाटली आली. त्या हळदीच्या गिरणीवर कामाला होत्या. खोकला जात नव्हता म्हणून दुर्बीण घालून श्वासनलिकेतले दोन तुकडे काढले होते. एक बारीक, चिमट्यात चेंगरलेला. दुसरा चांगला मोठा, सरळ, कडेपर्यंत शाबूत. त्याच्यावर हळदीचा एक कण चिकटलेला होता, इतका मोठा की भिंगाशिवाय दिसला.

रणदिवे सर मागे येऊन उभे राहिले.

‘दोन आहेत ना? मग एक देवाला, एक भक्ताला.’

‘सर, रिपोर्टला दोन्ही पाठवायला हवेत.’

‘मोठ्यात काही दिसतंय का तुम्हाला?’

‘तसं नाही दिसत.’

‘मग? छोटा रिपोर्टला पाठवा. मोठ्याने शंभर मुलं शिकतील. आणि तपासणीवाल्यांना मी रिकामी खाच दाखवू का?’

रिवाज तसाच होता. चांगला तुकडा शिकवण्याच्या पेटीला जायचा. सगळीकडे असाच होता की आमच्याकडेच, हे मी कधी विचारलं नाही. रोग्याला विचारायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. पण दोन्ही तुकडे रिपोर्टला पाठवायचे असतात हे माझ्या डोक्यात होतं. मी एकदा बोललो आणि थांबलो. मी नेहमीच एकदा बोलून थांबतो.

चेंगरलेल्या तुकड्यात डॉक्टरांना काही सापडलं नाही. रिपोर्ट चांगला गेला.

चौदा नंबर मात्र फार सुंदर झाला. उभट पेशींची एकसारखी रांग आणि वर सूक्ष्म केसांची झालर, जी जिवंतपणी धूळ वर लोटत असते. तपासणीवाल्यांपैकी एकाने भिंगातून पाहून ‘वा’ म्हटलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात हौसाबाई परत आल्या त्या स्ट्रेचरवरून, आणि चौथ्या दिवशी गेल्या. नाव माझ्या लक्षात होतं, कारण पेटीतल्या तुकड्यांची नावं मी खासगी वहीत लिहून ठेवायचो. कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव असावं तसं मला वाटायचं. त्या दुपारी मी चौदा नंबरची वडी काढली आणि आणखी खोल काप घेत गेलो. साठाव्या कापाला डाव्या कोपऱ्यात, त्या सुंदर रांगेच्या खाली, गडद जांभळ्या पेशींचा एक पुंजका दिसला. डॉक्टर नसलो तरी ते काय आहे हे मला समजत होतं.

मी ती पट्टी बाजूला ठेवली. मग पातं घेऊन वडीचा डावा कोपरा तिरका कापला आणि कापलेलं मेण कचऱ्यात टाकलं. उरलेली वडी निर्दोष होती. पुढची वीस वर्षं मुलं तिच्यावर शिकली.

यंत्र फार नंतर आलं. मेणातली पेशी मेलेलीच असते, ती कोणी जिवंत करू शकत नाही. पण प्रत्येक पेशीत शरीराची पूर्ण संहिता असते, आणि त्यातली कोणती पानं त्या पेशीने उघडी ठेवलीत व कोणती बंद केलीत, याच्या खुणा मेणात अनेक वर्षं टिकतात. हे यंत्र वडीचे काप घेतं, प्रत्येक पेशीच्या खुणा आणि तिच्या शेजारणी वाचतं, तुटक्या वाचनांतून पूर्ण संहिता जुळवतं आणि कोऱ्या पेशींत ती जशीच्या तशी उतरवतं. मग त्या पेशी मूळ ओळीने मांडतं. कोणाच्याही शरीराने परकं म्हणू नये यासाठी शरीर ज्यांवरून आपलं-परकं ठरवतं त्या खुणा तेवढ्या पुसतात; बाकी संहिता मूळ माणसाचीच राहते. आठ-दहा दिवसांत जिवंत अस्तर तयार.

त्वचा जमली, कूर्चा जमली, हृदयाच्या स्नायूचे पट्टे जमले. चेता ऊतीपुढे यंत्र हरलं. चेतापेशीचा अर्थ ती कुठून ऐकते आणि कुठे सांगते यात असतो, आणि ती दोन्ही टोकं तुकड्याच्या बाहेर राहिलेली असतात. झाकणारं, धरणारं, हलवणारं असं सगळं पुन्हा उगवता येतं. लक्षात ठेवणारं येत नाही.

धुळीची वर्षं सुरू झाली होती. लोकांच्या श्वासनलिका झिजून गेल्या होत्या. कंपनीला निरोगी, न चेंगरलेलं, सरळ कापलेलं अस्तर हवं होतं, आणि निरोगी श्वासनलिकेचा इतका मोठा तुकडा कोणी उगाच काढत नाही. देशभरच्या वड्या तपासून त्यांनी आमची निवडली. आता बाजारातही बायका एकमेकींना विचारतात, ‘चौदा नंबर बसवलंत का?’ मीही बसवून घेतलं. पत्र येण्याच्या आदल्या वर्षी. डॉक्टरांनी नंबर सांगितला तेव्हा मी हो म्हणालो. नुसत्या पेशी आहेत, असं स्वतःला सांगितलं.

मग कंपनीने वडी जपून ठेवल्याबद्दल माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेत बसवलेला चौदा हा आकडा. एका तरुण अधिकाऱ्याने व्यासपीठावर विचारलं, ‘सर, ही वडी एवढी मोलाची ठरेल याची तेव्हा कल्पना होती?’

‘नाही,’ मी म्हणालो. तेवढंच माझं भाषण झालं. लोकांना ते नम्रपणाचं वाटलं.

घरी परतताना शालिनी, माझी बायको, म्हणाली, ‘शाल चांगली आहे हो. पण तुम्हाला डॉक्टर का म्हणत होते?’

‘चुकून.’

‘मग सांगायचं नाही का?’

‘मध्येच कसं सांगणार?’

फोटो छापून आला आणि तीन आठवड्यांनी वैजयंताबाईंचं पत्र.

उत्तराचे मसुदे मी पुस्तकांत ठेवत गेलो. वर्षभरानंतर कपाट पुसताना ते शालिनीला सापडले, अकरा. ती शाळेत मराठी शिकवायची. दुपारी खुर्चीत बसून तिने लाल पेन्सिल घेऊन सगळे वाचले. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

‘ “कदाचित” नऊ वेळा,’ ती म्हणाली. ‘ “तत्कालीन पद्धतीनुसार” सहा वेळा. “वडीचा कोपरा कापला गेला”, “कोपरा कापण्यात आला”. अहो, हे पत्र आहे की सरकारी परिपत्रक?’

‘भाषा अजून नीट झाली नाही.’

‘भाषा झाली आहे. कोणी कापला तो कोपरा?’

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

‘मी.’

तिने अकराही मसुदे एकावर एक रचले. पेन्सिल मात्र खाली ठेवली नाही.

‘सत्तेचाळीस वर्षं संसार केला तुमच्याबरोबर,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, तुम्ही लाजता. बाई एक अक्षराचं उत्तर मागतेय. पाकीट आणा.’

‘असलं पत्रात लिहू नये. मी जाऊन सांगतो.’

‘जाल?’

‘जातो.’

पांढरवाडीला एसटी अकरा वाजता पोचली. शाळा रस्त्यालगतच होती. खिडकीतून एक उंच, करड्या केसांच्या बाई फळ्याजवळ उभ्या दिसल्या. त्याच असाव्यात. तास संपेपर्यंत थांबू, म्हणून मी समोरच्या चावडीच्या कट्ट्यावर बसलो. हातातल्या पिशवीत वही आणि साठाव्या कापाची काचपट्टी होती.

कट्ट्यावर एक म्हातारे आधीच बसलेले होते. रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उठली आणि ते वाकून खोकू लागले. खोकला संपेपर्यंत दुसरा ट्रक आला.

‘तुमी कुटलं?’ त्यांनी डोळे पुसत विचारलं.

‘साताऱ्याचा.’

‘कुनाकडं आलाय?’

‘शाळेत. काम होतं.’

‘शाळेत माझी पोरगी हाय. मोठी मास्तरीन. तिच्याकडंच का?’

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते आजही सांगता येणार नाही.

‘सांगू नका तिला माझ्यापाशी बसला व्हता म्हून,’ ते हसले. ‘काम व्हायचं न्हाई तुमचं.’ मग माझ्याकडे निरखून म्हणाले, ‘तुमी खोकत न्हाई जणू. या वयात.’

‘बसवून घेतलंय.’

‘चौदा नंबर?’

‘हो.’

‘बेस केलं. मला बी डाक्तर म्हनला, बसवा. म्हनलं, आता कुनासाटी.’ त्यांनी काठीने धुळीत एक रेघ ओढली. ‘आमच्या मंडळींना बी असाच खोकला व्हता. म्या नेलं व्हतं की दवाखान्यात. नळी घातली, तुकडा काडला. रिपोर्ट चांगला आला. दोनदा वाचून घेतला म्या, एकदा कंपाउंडरकडनं, एकदा मास्तराकडनं. म्हनून तर म्हनलं तिला, ढोंग करू नगंस, जा गिरनीवर. पोरीनं ऐकलं ते. नऊ वर्साची व्हती.’

‘रिपोर्ट कुठे आहे?’

‘वाळवीनं खाल्ला. कागदच त्यो. पोरगी म्हनती, नेलंच न्हवतं तुमी आईला.’ ते थांबले. ‘कवा कवा मला बी वाटतं, नेलं न्हवतं का काय. इतकी वर्सं झाली. डोस्क्यातलं बी कुनी खाऊन टाकलं असंल.’

शाळेची घंटा झाली. वैजयंताबाई व्हरांड्यात आल्या, कट्ट्याकडे पाहिलं आणि बाप बसलेला दिसताच नजर वळवून आत गेल्या. मला त्यांनी पाहिलंच नसावं.

माझ्या पिशवीत दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही नेलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दुसरा काही खुलासा त्या माणसाला नकोच होता. तिसरा ट्रक गेला. ते पुन्हा वाकले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून सरळ, स्वच्छ श्वास घेत राहिलो, त्यांच्याच बायकोच्या अस्तरातून. मग बाराची गाडी आली.

‘काम झालं का?’ त्यांनी विचारलं.

‘पुन्हा येईन,’ मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

शालिनीने विचारलं तेव्हा सांगितलं, बाई भेटल्या नाहीत. ते खोटं नव्हतं. माझ्याकडे असली न-खोटी वाक्यं पुष्कळ आहेत. तिने त्यानंतर विचारलं नाही. तेव्हापासून माझा चहा समोर ठेवून ती आपला आतल्या खोलीत जाऊन पिऊ लागली.

मी पुन्हा गेलो नाही. गुडघा दुखत होता, मग थंडी होती, मग शब्दकोशाच्या पुरवणीची मुद्रितं तपासायला आली. असं आणखी वर्ष गेलं. गेल्या सोमवारी पोस्टकार्ड आलं. तेच अक्षर.

‘श्री. गर्गे यांस. माझे वडील २ तारखेला वारले. शेवटी त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं. आईला दवाखान्यात नेलं होतं ना, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. मलाही विचारलं. मला काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं. आता घाई नाही. पण उत्तर हवं आहे. वैजयंता शेलार.’

मी कार्ड शालिनीच्या हातात दिलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि टेबलावर कागद ठेवला. लाल पेन्सिल उचलली नाही.

‘मी वाचणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुमचं तुम्ही लिहा.’

बारावं पत्र एका बैठकीत झालं. ते असं :

‘वैजयंताबाई, तुमचे वडील खरं बोलत होते. १९९४च्या नोव्हेंबरात त्यांनी तुमच्या आईला तपासणीसाठी आणलं होतं. दोन तुकडे काढले होते. एक चांगला होता, दुसरा चेंगरलेला. चांगला तुकडा मी शिकवण्याच्या पेटीसाठी ठेवून घेतला. रोग त्यातच होता. रिपोर्ट चेंगरलेल्या तुकड्याचा होता, म्हणून तो चांगला आला. तुमच्या वडिलांनी त्या रिपोर्टवर विश्वास ठेवला, कोणीही ठेवला असता.

आई गेल्यावर मी वडीत तो रोग पाहिला. कोपरा मी कापला. कोणाला सांगितलं नाही. कापण्याआधीची काचपट्टी सोबत पाठवतो. डाव्या बाजूचा गडद भाग कोणत्याही डॉक्टरांना दाखवा. माझ्या वहीतलं तुमच्या आईच्या नावाचं पानही जोडलं आहे. हे पत्र तुम्ही कॉलेजला, कंपनीला, वर्तमानपत्राला, कोणालाही द्या.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वडील हयात होते. नंतर मी तुमच्या गावी आलो होतो, कट्ट्यावर त्यांच्याशेजारी तासभर बसलो होतो. त्यांनी मला सगळं सांगितलं. मी त्यांना काही सांगितलं नाही. माझ्या घशातही चौदा नंबरच आहे. मुकुंद गर्गे.’

वाचून पाहिलं. ‘कदाचित’ कुठेही नव्हता. क्षमा मागायची राहिली असं वाटलं, म्हणून पेन उचललं आणि परत ठेवलं. ती त्यांनी मागितलेली नव्हती.

काचपट्टी कापसात गुंडाळून चपट्या लाकडी डबीत ठेवली. टपालाची खिडकी आता मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडते. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात तोलून पाहिलं.

‘आत काय आहे, आजोबा?’

‘काच.’

‘फुटेल हां.’

‘फुटली तरी चालेल. दिसायचं ते दिसेल.’

त्यांनी नाजूक वस्तूचा शिक्का मारला, पत्ता टिपून घेतला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. थैली रिकामी असावी. आत पडल्याचा आवाज आला.

‘तीन दिवस लागतील,’ त्या पावती फाडत म्हणाल्या. ‘घाई असेल तर उद्या पोचेल असंही पाठवता येतं. घाई आहे का?’

‘नाही,’ मी म्हणालो आणि पावती घेतली.